स्पार्कस्टेशन ५ वर आजची नेटबीएसडी चालते का? चालते, पण आधी बॅटरी बघा

प्रश्न थोडक्यात असा की एकाला स्पार्कस्टेशन ५, म्हणजे सन कंपनीचं नव्वदीच्या दशकातलं वर्कस्टेशन, मिळालंय, ११० मेगाहर्ट्झ, ६४ एमबी रॅम, आतली स्कझी (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क खरखरते, चालू केलं की बराच वेळ काहीच होत नाही आणि मग ते नेटवर्कवर काहीतरी शोधत बसतं. यावर लिनक्स टाकू की बीएसडी (दोन्ही युनिक्सच्या वळणाच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), कुठलं व्हर्जन, आणि टाकून झाल्यावर त्याचा काही उपयोग आहे का?

ओएसचं उत्तर दोन ओळींचं आहे. नेटबीएसडी टाका, १० सिरीज. मार्च २०२४ ला १०.० आलं, त्यानंतर डिसेंबरात १०.१, आणि ३२ बिट स्पार्क, म्हणजे या मशीनच्या प्रोसेसरची जात, त्यात अजून आहे. ओपनबीएसडीने हा पोर्ट (या प्रोसेसरसाठीची आवृत्ती) २०१६ च्या ५.९ नंतर बंद केला, डेबियनमध्ये ३२ बिट स्पार्कचं शेवटचं रिलीज २००७ चं ४.०, आणि फ्रीबीएसडी या मशीनवर कधी नव्हतीच, त्यांचा पोर्ट ६४ बिट स्पार्कचा होता आणि तोही आता गेला. म्हणजे निवडायला तसं काही उरलेलंच नाही.

खरं काम त्याच्या आधीचं आहे. मी बऱ्याच वर्षांपासून अशी मशीनं उठवतोय आणि माझा हिशोब असा की दहातले नऊ तास पॉवर बटणापासून कर्नलची, म्हणजे ओएसच्या गाभ्याची, पहिली ओळ दिसेपर्यंत जातात, आणि इन्स्टॉलेशन एका संध्याकाळी उरकतं. लोक उलटं धरून बसतात, आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या सीडीची फाइल) आधी डाउनलोड करतात आणि मग मशीन बूट होत नाही म्हणून ओएसला शिव्या घालतात.

तुम्ही जे लक्षण सांगितलंय ना, बराच वेळ गप्प आणि मग नेटवर्क शोधणं, ते मी न बघता सांगतो, एनव्हीरॅमची, म्हणजे सेटिंग्ज लक्षात ठेवणाऱ्या मेमरीची, बॅटरी मेलीय. बोर्डवर एक २८ पायांची जाडजूड चिप असते, एम४८टी०८, वर बारकोडचा स्टिकर, सॉकेटमध्ये बसवलेली. घड्याळ, सेटिंग्ज आणि मशीनची ओळख म्हणजे होस्टआयडी आणि इथरनेटचा मॅक (नेटवर्कवरचा हार्डवेअर पत्ता), हे सगळं तिच्यात राहतं, आणि बॅटरी चिपच्या आतच प्लास्टिकमध्ये बंद केलेली. नव्वदीच्या दशकातल्या मशीनमध्ये ती बॅटरी जिवंत असण्याची आशाच सोडा. ती मेली की आतले आकडे कचरा होतात, मॅक सगळा एफएफ दिसतो, आणि डायग-स्विच नावाचं सेटिंग बऱ्याचदा ट्रू होऊन बसतं. ते ट्रू असलं की मशीन आधी लांबलचक सेल्फटेस्ट करतं, तोवर स्क्रीन काळा, आणि मग डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट करायला जातं. म्हणजे मशीन बिघडलेलं नाहीये, विसरलंय फक्त.

तात्पुरता इलाज कीबोर्डवरच आहे. सनच्या कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकत्र दाबलं की ओके प्रॉम्प्ट येतो. हा ओपनबूट, म्हणजे फर्मवेअरमध्ये अख्खी फोर्थ भाषा बसवलेली आहे, आकडा आधी आणि क्रिया नंतर. तिथे सेट-डिफॉल्ट्स मारा, डायग-स्विच फॉल्स करा, आणि मग ओळखीचे १६ बाइट एकेक करून एमकेपी या शब्दाने भरा. पहिला बाइट ०१, दुसरा मशीनचा टाइप म्हणजे तुमच्यासाठी ८०, पुढचे सहा मॅकचे. सनचे मॅक ०८:००:२० ने सुरू होतात, पुढचे तीन बाइट तुमच्या मनाचे. जुनी गंमत म्हणून लोक तिथे सी०, एफएफ, ईई टाकतात, वाचलं की कॉफी. मग चार बाइट तारखेचे, ते शून्य ठेवले तरी चालतं, तीन बाइट सिरियल नंबरचे, आणि शेवटचा सोळावा बाइट चेकसम, म्हणजे आधीच्या पंधराही बाइटांचा एक्सऑर (बिटांची अशी बेरीज जिच्यात सारखे दोन आकडे एकमेकांना पुसून टाकतात). सिरियललाही तेच कॉफीचे तीन बाइट दिले तर ते मॅकमधल्या तिघांना एक्सऑरमध्ये खाऊन टाकतात आणि उरतात फक्त ०१, ८०, ०८ आणि २०, उत्तर ए९. हातानेच करून बघा, मजा येते. सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, आहेत एवढं लक्षात ठेवा, एकदा मी डेसिमल समजून अर्धा तास घालवलाय.

पण हे पॉवर असेपर्यंतच टिकतं. कायमचा इलाज म्हणजे चिप काढून, वरच्या बाजूने प्लास्टिक हळूहळू खरवडून बॅटरीच्या दोन पट्ट्या उघड्या करायच्या, जुनी बॅटरी सर्किटमधून तोडायची आणि बाहेरून सीआर२०३२ चा होल्डर सोल्डर करायचा. जुनी तोडायला विसरू नका, नाहीतर नवी बॅटरी मेलेलीला पोसत बसते. खरवडताना धूळ नाकात जाऊ देऊ नका. आणि नवीन म्हणून चिप विकत घेणार असाल तर तिच्यावरचा डेट कोड वाचा, कपाटात पडून राहिलेल्या चिपची बॅटरीही म्हातारी होतेच.

आता कन्सोल, म्हणजे मशीनशी बोलायची जागा. मॉनिटरच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. सनचं ते तेरा-डब्ल्यू-तीन कनेक्टर, त्याला अडॅप्टर, आणि अडॅप्टर मिळालं तरी प्रत्येक एलसीडीला सनचा सिंक पचेलच असं नाही. कीबोर्ड काढून टाका. कीबोर्ड नसला की कन्सोल आपोआप सिरियल पोर्ट ए वर जातो, ९६०० बॉड, ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप. २५ पिनांचा पोर्ट, नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी सिरियल केबल), यूएसबी-सिरियल अडॅप्टर, झालं. स्टॉप-ए च्या जागी ब्रेक सिग्नल पाठवायचा, टर्मिनल प्रोग्रामात त्याची सोय असते. यात एक चावरी गोष्ट आहे, समोरचं टर्मिनल बंद केलं किंवा केबल उपटली तर सनला कधीकधी ते ब्रेकच वाटतं आणि चालू मशीन मधेच ओके प्रॉम्प्टवर जाऊन थांबतं. माझं एक मशीन रात्रीचं काम करताना दर दोन-तीन दिवसांनी असं थांबायचं, मी रॅम बदलली, पॉवर सप्लाय उघडला, आणि शेवटी कळलं की लॅपटॉप झोपायला गेला की अडॅप्टरची पॉवर जाते. थांबलेलं मशीन गो टाइप केलं की बहुतेक वेळा पुढे चालू होतं, ते मला खूप उशिरा सुचलं.

खरखरणारी डिस्क. ती सध्या चालतेय ना, मग पहिलं काम तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढणं, दुसरं काही नाही. त्यावर जुनी सोलारिस असेल, कुणाचे तरी सोर्स असतील, गेलं की गेलं. डीडीरेस्क्यू वापरा, साधं डीडी पहिल्या खराब सेक्टरला आडवं पडतं. त्यानंतर त्या डिस्कला पेन्शन द्या आणि स्कझी एम्युलेटर लावा, ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी, एसडी कार्डवरची फाइल मशीनला डिस्क म्हणून दिसते. स्पार्कस्टेशन ५ च्या डिस्कचा कनेक्टर ८० पिनांचा एससीए आहे, त्याप्रमाणे अडॅप्टर लागेल. आयडी ३ द्या, सन आपली बूट डिस्क तिथेच शोधतं, आणि सीडी ६ वर. बूट पार्टिशन लहान ठेवा आणि डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठेवा, याहून जुन्या सनमधल्या काही प्रॉमना (फर्मवेअरच्या चिपना) पहिल्या एक जीबीच्या पलीकडचं वाचताच येत नाही, सवय असलेली बरी.

एम्युलेटर घेतलात तर अजून एक मोठा फायदा, नेटबीएसडीची आयएसओच सीडी म्हणून आयडी ६ ला लावता येते आणि बूट सीडीरॉम म्हटलं की इन्स्टॉलर समोर. खरी सीडीरॉम ड्राइव्ह वापरणार असाल तर ती ५१२ बाइटचे ब्लॉक देणारी हवी, साध्या पीसीच्या स्कझी ड्राइव्ह २०४८ देतात आणि सनचं प्रॉम त्यांच्याकडे बघतही नाही.

तरी नेटबूट शिकून घ्या असं मी म्हणेन, कारण कधी ना कधी तो लागतो. पायऱ्या अशा. मशीन आरएआरपीने ओरडतं की माझा मॅक हा, माझा आयपी सांगा. कुणीतरी सांगितला की ते टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) एक फाइल मागतं, आणि त्या फाइलीचं नाव म्हणजे स्वतःचा आयपी हेक्समध्ये. १९२.१६८.१.५ असेल तर सी०ए८०१०५, पुढे टिंब आणि सन४एम, हे या मशीनच्या जातीचं नाव. सगळं कॅपिटल. ती फाइल म्हणजे छोटा बूटलोडर, तो मग बूटपॅरॅम्स या सर्व्हरला विचारतो की माझं रूट (मुख्य फोल्डर) कुठाय आणि एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवरून, कर्नल ओढतो. चार वेगवेगळे सर्व्हर, चौघेही जुन्या जमान्यातले, आणि एकानेही मान टाकली तर स्क्रीनवर तुम्हाला फारसं काही कळत नाही. आरएआरपीचं उत्तर आलं नाही तर टाइमआउटची ओळ येत राहते, आणि टीएफटीपी सुरू झालं की हेक्स आकडा भराभर पळायला लागतो, तो पळताना दिसला की अर्धी लढाई जिंकलात.

इथे माझा सल्ला एकच, सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून काय येतंय-जातंय ते दाखवणारा प्रोग्राम) लावून बसा आणि अंदाज करणं बंद करा. माझी दोन संध्याकाळ गेली होती, तासन्‌तास कॉन्फिग फाइली वाचत होतो, टीसीपीडंप लावल्यावर दहा सेकंदात दिसलं की मशीन कॅपिटल सी मागतंय आणि माझ्या फाइलीत तो स्मॉल आहे. दुसरी अडचण, हे सगळं एकाच नेटवर्क सेगमेंटवर हवं, आरएआरपी राउटरपलीकडे जात नाही, वायफायच्या पुलावरून जाईल याचाही भरवसा नाही. तिसरी, या मशीनचं इथरनेट १० मेगाबिटचं आहे आणि आजचे बरेच २.५ गिगाबिटचे पोर्ट १० वर उतरतच नाहीत, लिंकचा दिवा लागत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. जुना १०/१०० चा स्विच मधे टाका. चौथी, काही बूटलोडर एनएफएसचं व्हर्जन २ मागतात आणि आजच्या लिनक्स सर्व्हरवर ते बंद असतं. म्हणून मी सर्व्हर म्हणून रास्पबेरी पायवर नेटबीएसडीच टाकून ठेवलीय, आरएआरपीडी, बूटपॅरॅमडी, टीएफटीपीडी, एनएफएस सगळं बेस सिस्टिममध्येच येतं, वेगळं शोधायला लागत नाही.

इन्स्टॉलरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मेनू आहेत, वाचा आणि पुढे जा. एकच जागा नवीन आहे, १० सिरीजमध्ये तो एन्ट्रॉपीबद्दल, म्हणजे रँडम आकड्यांच्या साठ्याबद्दल, विचारतो. या मशीनमध्ये हार्डवेअरचा रँडम नंबर जनरेटर नाही, त्यामुळे किल्ल्या बनवायला पुरेशी रँडमनेस जमत नाही आणि काही प्रोग्राम चक्क वाट बघत थांबतात. दुसऱ्या मशीनवर यूरँडममधून (तिथल्या रँडम आकड्यांच्या फाइलीतून) थोडे बाइट काढून ते इथे द्या, ती पायरी टाळू नका. पहिल्या बूटला एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीच्या) होस्ट किल्ल्या बनतात, आरएसएची किल्ली बनवताना मशीन अडकलंय असं वाटेल, अडकलेलं नसतं, चहा करून या. नंतर लॉगिनसाठी ईडी२५५१९ जातीची किल्ली वापरा, आरएसएपेक्षा या प्रोसेसरला ते खूप हलकं जातं, फरक हाताला जाणवतो. फाइल सिस्टिम लॉग ऑप्शनने माउंट करा, नाहीतर एकदा वीज गेली की एफएससीके (डिस्क तपासणारा प्रोग्राम) तुमची संध्याकाळ खाईल. आणि मॅन पेजेसचा (मदतीच्या पानांचा) इंडेक्स बनवणारं आठवड्याचं काम क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीतून, काढा, ६४ एमबीवर ते चालू असताना प्रॉम्प्टवर अक्षर उमटायलाही वेळ लागतो.

आणि त्या मशीनवर काही मोठं कंपाइल करू नका. हे मी हौशी लोकांना नेहमी सांगतो आणि ते नेहमी करतात. आजचा जीसीसी कंपायलर ६४ एमबीत स्वॅपवरच जगतो. नेटबीएसडीत बिल्ड-डॉट-एसएच आहे, २००२ च्या १.६ पासून, तुमच्या रोजच्या लिनक्स किंवा ॲपलच्या मॅकवरच तो आधी क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) बनवतो आणि मग अख्खी स्पार्कची सिस्टिम, कर्नलपासून इन्स्टॉल सेटपर्यंत. आजच्या पीसीवर जे तासाभरात होतं ते स्पार्कस्टेशनवर दिवसेंदिवस चालतं. कर्नल स्वतःचा बनवा मात्र, नको ते ड्रायव्हर काढले की थोडी मेमरी सुटते आणि या मशीनवर प्रत्येक मेगाबाइट मोजावा लागतो. ८ आणि ३२ एमबीच्या रॅम स्टिक मिळाल्या तर २५६ पर्यंत जाता येतं, हा सगळ्यात चांगला अपग्रेड, प्रोसेसरच्या मागे लागू नका.

पॅकेजेसमध्ये भिंत कुठे आहे ते आधीच माहीत असू द्या, ती म्हणजे रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा. पायथॉनची क्रिप्टोग्राफी लायब्ररी २०२१ पासून रस्ट मागते, एसव्हीजी काढणारी लिब्रएसव्हीजी त्याच्याही आधीपासून, आणि तिच्यावर अर्धं डेस्कटॉप उभं आहे. त्यामुळे आजचा ब्राउझर विसरा. एक्स (युनिक्सची खिडक्यांची व्यवस्था) चालतं, साधा विंडो मॅनेजर चालतो, एक्सटर्म म्हणजे टर्मिनलची खिडकी चालते, आणि खरं सांगायचं तर त्या मोठ्या काचेच्या मॉनिटरवर चार एक्सटर्म उघडून बसणं हेच या मशीनचं मूळ काम होतं.

उपयोग काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एक, जुन्या सोलारिससह हे मशीन आज नेटवर्कवर मुकं आहे. ओपनएसएसएचने २०२१ च्या ८.८ मध्ये एसएचए-१ च्या आरएसए सह्या (ओळख पटवायची जुनी पद्धत) डिफॉल्टने बंद केल्या, त्यामुळे बरेच जुने क्लायंट आजच्या सर्व्हरशी सरळ बोलू शकत नाहीत. नवीन ओएस टाकली की तेच मशीन नीट एसएसएच करतं. दोन, आणि मी याच कारणासाठी माझं मशीन अजून ठेवलंय, हे बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवतं, आणि चुकीच्या अलाइनमेंटला, म्हणजे चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून चार बाइट वाचण्याला, माफ करत नाही. मी एका छोट्या लॉग वाचणाऱ्या प्रोग्रामात कॅरेक्टरच्या बफरमधला अशाच एका वाकड्या पत्त्यावरच्या बाइटचा पॉइंटर सरळ इंटिजरचा म्हणून वाचला होता, पीसीवर चार वर्षं बिनबोभाट चालला, स्पार्कवर पहिल्याच ओळीला बस एरर. मेमकॉपी (बाइट एकेक करून उचलणारं फंक्शन) लावून ते दुरुस्त केलं तर पुढचा घोळ, लांबीचा आकडा ५ ऐवजी आठ कोटींच्या वर यायला लागला, कारण चार बाइटांचा क्रम उलटा. पीसीवर हे दोन्ही बग दिसलेच नसते.

प्रत्यक्ष हात लावायच्या आधी सराव हवा असेल तर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये स्पार्कचं डिफॉल्ट मशीन स्पार्कस्टेशन ५ च आहे. तिथे एकदा पूर्ण इन्स्टॉल करून बघा, म्हणजे खऱ्या मशीनवर अडलं तर दोष ओएसचा की हार्डवेअरचा ते लगेच कळेल.

बाकीच्या मशीनांचं कुणी विचारलं नाहीये तरी दोन शब्द. एसजीआय इंडी या जुन्या वर्कस्टेशनवर पण नेटबीएसडी चालते, पण तिच्या प्रॉमला टीएफटीपीचा पोर्ट नंबर ३२७६७ च्या वर गेला की कळत नाही, लिनक्स सर्व्हरवर लोकल पोर्टची रेंज खाली आणा आणि पाथ एमटीयू डिस्कव्हरी (पॅकेटचा आकार ठरवायची सोय) बंद करा, नाहीतर फाइल अर्ध्यावर तुटते. अल्फा प्रोसेसरची मशीन घेतलीत तर एसआरएम कन्सोल (तिचं एक फर्मवेअर) असलेलीच घ्या, आणि लिनक्सने ६.१० मध्ये बाइट-वर्ड सूचना नसलेल्या जुन्या अल्फा काढून टाकल्यात हे लक्षात असू द्या. व्हॅक्स हा त्याहून जुना संगणक वेगळाच प्राणी, त्याच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांश आकड्यांच्या हिशोबात) इन्फिनिटी आणि नॅन (आकडा नाही अशी खूण) नाहीतच, त्यामुळे आजचं बरंच सॉफ्टवेअर कंपाइल होताना किंवा चालताना तिथेच अडखळतं. पहिलं मशीन म्हणून व्हॅक्स नको.

तर तुमच्यासाठी आजचं काम एवढंच. कीबोर्ड काढा, सिरियल लावा, चालू करा आणि दहा मिनिटं हात न लावता जे छापून येईल ते जसंच्या तसं उतरवून घ्या. मॅक सगळा एफएफ दिसला तर वरची चिपची कहाणी. मेमरीचा एरर आला तर सगळ्या स्टिक काढून एकच पहिल्या स्लॉटमध्ये ठेवून बघा. आणि काहीच, एक अक्षरही आलं नाही, तर पॉवर सप्लायचे व्होल्टेज मोजा, त्यातले कपॅसिटरही तीस वर्षांचे झालेत, पण सप्लायचा डबा उघडण्याची सवय नसेल तर तो एखाद्या रिपेअरवाल्याकडेच द्या, आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ चार्ज धरून असतात.